म्युच्युअलने (दोघांच्या संमतीच्या घटस्फोटाने) सुटलेले लोकहो, या इकडे (अनुभव धागा)

तर्रीपोहे
कूलरचं बिल शोधून राहिली होती, मोटर गेली म्हणून. त्याच फायलीत डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकमाची कॉपी निघाली, २०१९ ची. मांडी घालून तिथंच वाचली. ११ वर्षांचा संसार, आणि कुठेच कोणाचं काही वाईट नाही. वर्षभराहून जास्त वेगळे राहतो, एकत्र राहणं जमत नाही, दोघांची संमती आहे. संपलं.

तेव्हा मला हे फार कोरडं वाटलं होतं. मला खूप लिहायचं होतं हो! सासूबाईंचा सांबारवडीचा (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर) किस्सा तरी यायलाच पाहिजे होता. वकीलबाई म्हणाल्या, लिहा ना. मग तेही लिहितील. मग दोघांनी सिद्ध करत बसा. आईला साक्षीला उभं करायचं का तुमच्या?

नव्हतं करायचं. आज मुलगा १४ चा आहे, हा कागद त्याच्या हाती लागला तरी माझं काही जात नाही. वेळ वाचला, पैसे वाचले ते आहेच, पण मला हे मोठं वाटतं. तुमचं लिहा.

बर्डीचा बबन
२०१५. दोन तारखांच्या मधले सहा महिने पूर्ण काढावे लागले आम्हाला. पहिली तारीख दिवाळीनंतर, दुसरी थेट मे महिन्यात. नागपूरचा मे! बाहेर बाकावर दोघं दोन टोकाला. ती तोंडाला दुपट्टा बांधून. मग तिनंच पन्ह्याची बाटली सरकवली, म्हणे भोवळ येईल तुला. आत साहेबांनी विचारलं, दबाव तर नाही ना कोणाचा? दोघं नाही म्हणालो. पाच मिनिटं. बाटली माझ्याकडेच राहिली.

गोधनी लोकल
बबनभाऊ 😭

एकटी बरी
आता सहा महिने थांबायलाच पाहिजे असं नाही. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ती अट सक्तीची नाही. पण आपोआप माफ होत नाही, वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि कोर्टाला पटलं पाहिजे. आम्ही तीन वर्षांपासून वेगळे, मुलीचा ताबा, पोटगी, स्त्रीधन सगळं आधीच ठरलेलं. झालं माफ. स्त्रीधनाची यादी मात्र नीट करा. माझ्या यादीत इडलीपात्र राहिलं ते राहिलंच.

नावात काय
सगळं गोड गोड नसतं. यानं पहिल्या तारखेला सही केली आणि दुसरीच्या आधी संमती मागे घेतली. घेता येते. १३-ब मध्ये (हिंदू विवाह कायद्याचं म्युच्युअलचं कलम) दोघांची मर्जी शेवटपर्यंत लागते, एकाची फिरली की सगळं मुसळ केरात. मग मी साधी केस टाकली, क्रूरतेची. चार वर्षं. उलटतपासणीत माझ्या मोबाईलमधले मेसेज मोठ्यानं वाचले. म्हणून सांगते, ज्यांचं आपसात होऊन राहिलं त्यांनी नखरे करू नका. आणि पैसे दोन हप्त्यांत ठरवा, दुसरा हप्ता दुसऱ्या तारखेच्या दिवशी.

एकटी बरी
अगं. कुठं राहतेस? मी मनीषनगरला. ये चहाला.

नावात काय
मी प्रतापनगर. येते रविवारी. इडली नको करू, पात्र नाही ना 😄

वऱ्हाडी जावई
आमच्या चुलतभावानं पाचशेच्या स्टँपवर सोडचिठ्ठी केली, नोटरीचा शिक्का, पाच पंचांच्या सह्या, वरून पेढे. दोन वर्षांनी दुसरं ठरलं तर पोरीच्या बापानं विचारलं, डिक्री कुठाय? हा बसला तोंड पाहत. समाजाची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, नाहीतर तो कागद चिवडा बांधायले बरा. मग पहिलीले हातपाय जोडून आणलं, म्युच्युअल केलं. ती बिचारी आली बी. येण्याजाण्याचं भाडं सुद्धा नाही घेतलं तिनं.

कूलरवाली काकू
मी या धाग्यावर कायले आली माहीत नाही, ३८ वर्षं झाली आमच्या लग्नाले, भांडण रोजचं. पण सांबारवडीचा किस्सा सांग नं बाप्पा, अर्धवट ठेवू नको.

तर्रीपोहे
काही नाही हो काकू. लग्नानंतर पहिल्यांदा केली, तर तेलात सुटली सगळी. त्यांनी शेजारच्या बाईंना बोलावून कढई दाखवली. एवढंच. आता लिहिताना वाटून राहिलं, हे न्यायाधीशासमोर वाचलं असतं तर कसं दिसलं असतं!

कूलरवाली काकू
सांबार ओला राहिला असंल. धुवून फडक्यावर रातभर पसरायचा. आणि पारीच्या कडेले पाण्याचं बोट लावायचं, मग नाही सुटत.

बर्डीचा बबन
काकू, खसखस किती?

तर्रीपोहे
बिल सापडलं नाही. मोटर बदलणारा चांगला माणूस आहे का कोणाच्या ओळखीत, त्रिमूर्तीनगरकडे येईल असा?