पहिल्याच वर्षाची फॉर्म्युला गाडी: विंग बसवावेत की गाडी लवकर धावती करावी?

उद्यमनगर_तृतीय_वर्ष

नमस्कार. मी कोल्हापुरात यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. आमच्या महाविद्यालयात प्रथमच फॉर्म्युला स्टुडंट प्रकारची (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवायची छोटी, एका आसनाची शर्यतीची) गाडी तयार होत आहे आणि येत्या जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत ती उतरवण्याचा आमचा मानस आहे. संघात बावीस जण आहेत. चासीचे (गाडीच्या सांगाड्याचे) टिग वेल्डिंग गेल्या आठवड्यात पूर्ण झाले, हब आणि अपराइट (चाके धरणारे भाग) उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये तयार होत आहेत. केटीएमचे ३७३ सीसी इंजिन हाताशी आहे, पण ते अद्याप एकदाही सुरू केलेले नाही.

आता सप्टेंबर लागला असून संघात दोन मते पडली आहेत. एका गटाला पुढचे आणि मागचे विंग (हवेच्या दाबाने गाडी जमिनीकडे दाबणारे पंख) याच वर्षी हवे आहेत, कारण त्यांच्या मते विंग नसलेल्या गाडीकडे डिझाइनचे परीक्षक गांभीर्याने पाहणार नाहीत. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की हाती असलेले सर्व मनुष्यबळ गाडी धावती करण्यावर लावावे. आमचे खरे ध्येय एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, पूर्ण करण्याचे आहे. ज्यांनी हे केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. याला जोडूनच एक शंका: इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या मार्गात) २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (हवा मर्यादित करणारे अरुंद तोंड) बसवल्यानंतर एका सिलिंडरच्या इंजिनाला प्लेनम (त्यामागचा हवेचा डबा) किती महत्त्वाचा असतो?

ब्रेक_बायस

मी पुण्यातील एका संघाचा माजी कर्णधार आहे. तुमच्या मुख्य प्रश्नाचे बरेचसे उत्तर आकड्यांतच आहे, म्हणून आधी ते मांडतो. स्किडपॅडच्या (गोल वळणाच्या चाचणीच्या) आतील वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि मार्गाची रुंदी ३ मीटर असते, म्हणजे गाडी साधारण ९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरते. एक फेरी साडेपाच सेकंदांत झाली, तर वेग ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास आणि बाजूचे त्वरण सुमारे १.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट) येते. आता नवख्या संघाच्या विंगसाठी डाउनफोर्सचा (खाली दाबणाऱ्या बलाचा) गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार २ चौरस मीटर धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला मिळणारा दाब अवघ्या १५ किलो वजनाएवढा भरतो. ताशी ६० ला तो सुमारे ३४ किलो होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चालकासह तुमची गाडी ३०० किलोच्या घरात असेल, असे मी धरतो. या दाबाला वस्तुमानासारखे जडत्व नसते, हे खरे आहे आणि म्हणूनच अनुभवी संघांना विंगचा चांगला लाभ मिळतो. परंतु त्यांची बाकीची गाडी आधीच भरवशाची झालेली असते. तुमचे इंजिन अजून बोललेलेही नाही.

आमच्या पहिल्या वर्षी आम्ही नेमकी हीच चूक केली. नोव्हेंबर आणि डिसेंबर हे दोन महिने संघातील सात चांगली मुले साच्यांमध्ये आणि कार्बन कापडामध्ये अडकून पडली, आणि गाडी महाविद्यालयाच्या आवारात निघण्यापूर्वी केवळ दोनदा धावली. तांत्रिक तपासणी पार पडली, टिल्ट टेबलवर (गाडी बाजूला कलवणाऱ्या मंचावर) ६० अंशांतही चारही चाके टेकलेली राहिली, आवाजाची चाचणीही झाली, आणि ब्रेकच्या चाचणीत आम्ही अडकलो. या चाचणीत चारही चाके एकाच वेळी लॉक होताना दिसावी लागतात. आमची मागची चाके लॉक होत, पुढची फिरत राहत. जोरात ब्रेक लावला की भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे त्यांना अडवण्यासाठी पुढच्या सर्किटमध्ये दाबही अधिक लागतो, हे आम्हाला कागदावर पाठ होते. पण पॅड आणि डिस्क नवेकोरे होते, त्यांचे पृष्ठभाग एकमेकांना सरावलेले नव्हते आणि त्यातच पॅडलचा आधार पायाच्या जोराने किंचित वाकत होता. नियमाप्रमाणे पॅडलने २००० न्यूटन बल सहन करायचे असते. आमचा आधार तुटला नाही, पण वाकण्यात चालकाचा जोर वाया गेला. बॅलन्स बार (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटणारा दांडा) अगदी टोकापर्यंत फिरवूनही उपयोग झाला नाही. सलग दोन दिवस आम्ही पॅडॉकमध्ये गाडी पुढे-मागे ढकलत राहिलो. कार्बनच्या देखण्या विंगसह ती गाडी एंड्युरन्सच्या रांगेत उभीसुद्धा राहू शकली नाही, आणि ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही विंग पूर्णपणे सोडून दिले, दिवाळीच्या आधी गाडी स्वतःच्या बळावर हलली पाहिजे अशी तारीख भिंतीवर लिहिली आणि ती पाळली. त्या वर्षी एंड्युरन्स पूर्ण झाली.

प्लेनमवाली

मी त्याच प्रकारच्या इंजिनावर तीन वर्षे काम केले आहे, म्हणून प्लेनमविषयी लिहिते. सर्वसाधारण हवामानात २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून सेकंदाला सुमारे ७० ग्रॅम हवा जाऊ शकते; घशातील वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की त्यापुढे इंजिनाने कितीही ओढ लावली, तरी प्रवाह वाढत नाही. ३७३ सीसीचे इंजिन ९००० आरपीएमवर दर सेकंदाला ७५ वेळा श्वास घेते, म्हणजे सेकंदाला २८ लिटर हवा, वजनाने अंदाजे ३३ ग्रॅम. हा हिशेब पाहून अनेक संघ निष्कर्ष काढतात की छोट्या इंजिनाला रिस्ट्रिक्टर आड येतच नाही. पण ही सरासरी आहे. एका सिलिंडरचे इंजिन चार स्ट्रोकपैकी एकातच हवा ओढते, त्यामुळे त्या क्षणाची मागणी सरासरीच्या चौपट, म्हणजे सेकंदाला १३० ग्रॅमच्या जवळ जाते आणि तेथे रिस्ट्रिक्टर तुमचा गळा धरतो. उरलेल्या तीन स्ट्रोकच्या काळात हवा साठवून ठेवणारा रांजण म्हणजे प्लेनम. चार सिलिंडरच्या इंजिनात एकामागोमाग एक सिलिंडर हवा ओढत असल्याने प्रवाह आपोआप सलग राहतो. तुमच्याकडे ती सोय नाही, म्हणून प्लेनमचे आकारमान तुमच्यासाठी त्यांच्याहून अधिक महत्त्वाचे आहे. फार मोठा प्लेनम केल्यास थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटरला) प्रतिसाद मंदावतो. दोन-तीन आकारांचे साधे ॲल्युमिनियमचे डबे वेल्ड करून डायनोवर (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) ताडून पाहा. त्रिमितीय छपाईचा सुबक प्लेनम नंतर करता येईल.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. एंड्युरन्स साधारण २२ किलोमीटरची असते, मध्यावर गाडी थांबवून, इंजिन बंद करून चालक बदलावा लागतो, त्यासाठी तीन मिनिटे असतात आणि नंतर तेच तापलेले इंजिन पुन्हा सुरू व्हावे लागते. त्या तीन मिनिटांत पाणी फिरत नाही, बॉडीखाली उष्णता कोंडते, इंधनाच्या नळीत वाफ धरू शकते आणि छोटी बॅटरी स्टार्टरला पुरेसा प्रवाह देत नाही. अर्धे अंतर उत्तम धावलेल्या गाड्या याच ठिकाणी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून सरावात प्रत्येक वेळी अकरा किलोमीटरनंतर गाडी थांबवा, उन्हात तीन मिनिटे तशीच ठेवा आणि मग स्टार्टर दाबा. इसीयूमधील (इंजिनाच्या संगणकातील) गरम इंजिनाच्या स्टार्टचे इंधन याच सरावात बसवले जाते, दुसरीकडे कोठेही नाही.

फॅकल्टी_ॲडव्हायझर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, मात्र डिझाइन परीक्षकांविषयी तुमच्या पहिल्या गटाच्या मनात असलेली भीती दूर व्हावी असे वाटते. मी विद्यार्थ्यांबरोबर अनेकदा त्या मंडपात उभा राहिलो आहे. अमेरिकेतील फॉर्म्युला एसएईच्या गुणरचनेत १००० पैकी १५० गुण डिझाइनला, २७५ एंड्युरन्सला आणि १०० इंधन-कार्यक्षमतेला आहेत. प्रत्येक स्पर्धेत हे वाटप थोडे बदलते, तरी तोल असाच राहतो. डिझाइनचे परीक्षक प्रथम काय बसवले हे पाहत नाहीत, ते का बसवले आणि खरे उतरले हे कशावरून, असे विचारतात. स्प्रिंगचा कडकपणा कसा ठरवला, हबवर किती भार धरला, डॅम्परच्या (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) हालचाल मोजणाऱ्या पोटेंशिओमीटरने प्रत्यक्षात काय दाखवले, अशा प्रश्नांना जो विद्यार्थी स्वतःच्या मोजणीवरून उत्तर देतो, त्याला गुण मिळतात. सॉफ्टवेअरमधील रंगीत चित्रे लावलेली, पण ट्रॅकवर एकदाही न तपासलेली विंग ही उलट अवघड प्रश्नांना आमंत्रण ठरते. 'आम्ही विंगचा हिशेब केला, लाभ इतका निघाला आणि तेवढ्या वेळात अमुक चाचण्या केल्या' हे उत्तर परीक्षकांनी मान डोलावून ऐकलेले मला आठवते.

तथापि विंग करू इच्छिणाऱ्या मुलांना नाउमेद करू नये. त्यांचा उत्साह खरा आहे. चासीवर आधाराचे कान (विंग अडकवण्याच्या छोट्या पट्ट्या) आताच वेल्ड करून ठेवावेत, एका-दोघांनी आकृत्यांचे काम चालू ठेवावे आणि पुढच्या वर्षीच्या संघासाठी तो अभ्यास नीट लिहून ठेवावा. शेवटचे वर्ष संपवून मुले निघून जातात आणि ज्ञान त्यांच्याबरोबर जाते, हे मी प्रत्येक मे महिन्यात पाहतो व दर वेळी मला त्याचे वाईट वाटते.

अजून एक बाब: तपासणीत बोल्टवरून फार वेळ जातो. महत्त्वाच्या जागी ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक (सैल न होणाऱ्या) नटाबाहेर किमान दोन पूर्ण आटे आणि सिंगल शिअरमधील (एकाच बाजूने आधार असलेल्या) रॉड एंडला, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या सांध्याला, मोठा वॉशर, एवढे आताच एका दुपारी तपासून घ्या.

उद्यमनगर_तृतीय_वर्ष

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संघाची बैठक झाली. विंग या वर्षी होणार नाहीत, कान मात्र वेल्ड करू. विंगच्या गटातील तिघे जण ब्रेक आणि पॅडलच्या कामाला आले आहेत. पॅडलचा आधार आम्ही ताणकाट्याने ओढून पाहिला, तो खरोखरच चार मिलिमीटर वाकतो, म्हणून उद्या त्याला खालून तिरकी पट्टी लावत आहोत. सरावासाठी मोकळी जागा मिळवण्याची अडचण मात्र कायम आहे.

ब्रेक_बायस

औद्योगिक वसाहतीतील मोठ्या कारखान्यांचे वाहनतळ साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी रिकामे असतात. प्राध्यापकांच्या सहीचे पत्र घेऊन व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटा, फोनवर विचारू नका. किमान दोन अग्निशामक यंत्रे, चालकाचा पूर्ण अग्निरोधक पोशाख आणि गाडीबाहेर लाल झेंडा घेऊन उभा राहणारा एक माणूस, एवढे पत्रातच लिहा. आम्हाला तिसऱ्या कारखान्याने परवानगी दिली होती.