मांजर-कुत्री सांभाळते. ऑनलाइन डिरेक्टरीत पैसे भरून नाव टाकावं का?

मनीमावशी:
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते. दोन वर्षं ओळखीपाळखीतल्यांची जनावरं सांभाळतेय. मांजर असेल तर त्यांच्याच घरी दोन वेळा जाते, खाणं-पाणी, लिटर (शी-शूच्या वाळूचा ट्रे) साफ करणं, थोडं खेळणं. एका भेटीचे ३०० रुपये. कुत्रा माझ्या घरी ठेवते, पण एका वेळी एकच. मे महिन्यात आणि दिवाळीत नाही म्हणायची वेळ येते, जून-जुलै मात्र कोरडे. (पावसाळ्यात कोरडे, हसू नका.)
परवा एका डिरेक्टरीवाल्यांचा फोन आला. वर्षाचं पॅकेज १८,००० रुपये, 'पहिल्या तिनांत तुमचं नाव'. मुलगा फारच गोड बोलत होता. भरावेत का? कुणाला अनुभव?

कर्वेरोडकर:
नका भरू.

कर्वेरोडकर:
वरचं फारच तुटक झालं. आमच्या हिने डब्यांच्या व्यवसायासाठी असंच एक पॅकेज घेतलं होतं, नाव सांगत नाही. चौकशी आली की तीच चौकशी आणखी चार-पाच जणांना जायची. आपण फोन लावेपर्यंत समोरचा वैतागलेला, 'अहो, सकाळपासून तुम्ही सहावे.' वर्ष संपल्यावर नूतनीकरणाचे फोन मात्र वेळेवर. तुमचा हिशोब सोपा आहे, १८,००० म्हणजे ६० भेटी नुसत्या जाहिरातीसाठी.

शेपूट:
मी ठाण्यात कुत्र्यांचं बोर्डिंग करते, सहा वर्षं झाली. कर्वेरोडकरांशी सहमत, पण डिरेक्टरी म्हणजे सगळं वाईट असंही नाही. जस्टडायल, सुलेखा वगैरेंवर फुकट नोंद होते, ती जरूर करा. दुसरं सिमकार्ड घेऊन तोच नंबर सगळीकडे द्या. घरचा नंबर दिलात तर रात्री अकराला 'लॅब्रॅडॉरचं पिल्लू केवढ्याला?' असे फोन येतील. माझे निम्मे फोन अजूनही तेच असतात.

पण आधी गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवर आणि त्याच्या नकाशावर दिसणारी तुमच्या कामाची नोंद. पैसे लागत नाहीत. 'पेट सिटर' असा प्रकार निवडा. तुम्ही लोकांच्या घरी जाता, तेव्हा स्वतःचा पत्ता झाकून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. बाईमाणसाने घरचा पत्ता जगाला का द्यायचा? भाग मोजकेच टाका. अख्खं पुणे लिहिलंत तर हडपसरहून फोन येतील आणि जायचा-यायचा वेळ कोण देणार? नावात 'बेस्ट पेट केअर इन पुणे' असलं काही घुसवू नका. खरं नाव असेल तेच चालतं, नाहीतर प्रोफाइल बंद होऊ शकतं. पडताळणीला हल्ली बहुतेक वेळा सलग व्हिडिओ मागतात. मी गल्लीची पाटी, कॅरियर (प्राणी न्यायची पेटी), पट्टे आणि उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या व्यवसायाच्या सरकारी नोंदणीचा कागद दाखवला. तो कागदही सरकारी साइटवर फुकट मिळतो, एजंटला पैसे देऊ नका. आणि 'गुगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर नोंद काढू' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

मग अभिप्राय. जुन्या लोकांना लिंक पाठवा, पण बदल्यात सवलत देऊ नका, ते नियमात बसत नाही. नुसतं 'छान सेवा' नको, मांजर होतं की कुत्रा, किती दिवस, कुठला भाग, एवढं लिहा म्हणून सांगा.

एक गोष्ट मी चुकून शिकले. ग्राहक गावाला गेलेले असताना त्यांच्या मांजरीचा फोटो टाकायचा नाही. 'मालकीणबाई दहा दिवस कोकणात' असं लिहिणं म्हणजे घर बंद आहे म्हणून दवंडी पिटणं. फोटो ते परत आल्यावर, आणि विचारून.

लसवाला_डॉक्टर:
पशुवैद्य आहे, म्हणून दोन शब्द. आमच्याकडे कार्ड ठेवायला बरेच येतात, नावं मी दोघींचीच सुचवतो. कारण त्या वेळेवर फोन करतात. बोका दिवसभर लिटरमध्ये जाऊन बसतोय पण लघवी होत नाही, म्हणजे वाट बघायची नाही, लगेच आणायचं. हे ज्याला कळतं त्याच्याकडे मी माणसं पाठवतो. जाहिरातीत रेबीजच्या लसीचं कार्ड सक्तीचं आहे असं ठळक लिहा. कुत्र्यांसाठी केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) आणि पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) लसीचंही विचारा. चार गिऱ्हाइकं कमी होतील, होऊ द्या.

न्यूजर्सीची_सुमी:
आमच्याकडे अमेरिकेत प्राणी सांभाळणारे शोधायला रोव्हर नावाची साइट आहे, २०११ पासून. कमिशन कापतात, पण माणूस प्रोफाइल वाचून, आधी भेटून मगच जनावर सोडतो. ती आधीची भेट तुम्हीही ठेवा. कुत्र्याला घर आवडतंय का ते तेव्हाच कळतं.

कर्वेरोडकर:
सोसायटीला सांगितलंय ना? पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे खरं. पण ते रहिवाशांच्या प्राण्यांबद्दल. दर आठवड्याला लिफ्टमध्ये नवा कुत्रा दिसला की सचिव येतीलच.

मनीमावशी:
सचिवांचीच पमेरियन माझी पहिली गिऱ्हाईक होती. :) पॅकेज रद्द. डॉक्टर, बोक्याचं मला माहीत नव्हतं, वहीत लिहून ठेवलंय. हा मसुदा बघा:
'घरगुती वातावरणात, प्रेमाने व काळजीने आपल्या लाडक्या प्राण्यांचा सांभाळ. वाजवी दर. एकदा सेवेची संधी द्या.'

शेपूट:
मावशी, रागावू नका, पण हे तर मंगल कार्यालयाच्या जाहिरातीसारखं झालं. प्रेमाने सांभाळत नाही असं कोण लिहील? असं करा:
'कोथरूड, डहाणूकर कॉलनी, कर्वेनगर. मांजरांसाठी तुमच्या घरी दिवसातून दोन भेटी, प्रत्येकी ३०० रुपये, रोज फोटो-व्हिडिओ. कुत्रा एका वेळी एकच, माझ्या घरी. बाल्कनीला जाळी आहे. आधी भेट, मग बुकिंग. लसीचं कार्ड नसेल तर घेत नाही. पिल्लं विकत नाही.'
मजला, लिफ्ट, घरात लहान मूल आहे का, तेही घाला. आणि प्रत्येक फोनला 'कुठून कळलं?' विचारून वहीत टिपत जा. वर्षभराने बघा, डिरेक्टरी किती, डॉक्टर किती, शेजारी किती.

मनीमावशी:
'पिल्लं विकत नाही' हे सगळ्यात वर घालते.

डेक्कनचा_बंड्या:
मावशी, डेक्कनला येता का? ससा आहे. गणपतीत पाच दिवस.

मनीमावशी:
ससा कधी सांभाळला नाही हो, खोटं कशाला बोलू. लसवाले डॉक्टर, शिकण्यासारखं आहे का?

लसवाला_डॉक्टर:
आहे. गवत सतत हवं, आणि खाणं थांबलं की त्याच दिवशी फोन. गणपतीच्या आधी एकदा क्लिनिकला या, कार्डही घेऊन या.