सात वर्षांच्या मुलीसाठी जिम्नॅस्टिक्सचा वर्ग आणि प्रशिक्षक कसा निवडावा?

प्रश्न (एक आई, चांदूर बाजार तालुका)
नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची असून दिवसभर अंगणात कोलांट्या मारत असते. तालुक्याच्या गावी एका सभागृहात जिम्नॅस्टिक्सचा वर्ग चालतो. तेथे गाद्या आहेत, परंतु बीम (तोल सांभाळत चालायची अरुंद तुळई) किंवा बार (लोंबकळायच्या आडव्या दांड्या) नाहीत. अमरावतीला सर्व साहित्य मिळेल, मात्र शाळा सुटल्यावर एसटीने जाऊन परतायला रात्र होईल. जवळच्या वर्गात तिची वर्षे वाया जातील का, आणि प्रशिक्षक चांगला आहे हे आम्ही कशावरून ओळखावे?

उत्तर (क्रीडाशिक्षक, अमरावती)
ताई, वर्षे वाया जाणार नाहीत. मुलींच्या कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या), बीम आणि फ्लोअर (जमिनीवरील कसरती) असे चार प्रकार असले, तरी कोलांटी, हँडस्टँड (हातांवर उभे राहणे), कमान, कार्टव्हील (हातांवरून बाजूला चाकासारखे फिरणे) आणि गुडघे किंचित वाकवून नीट उतरणे हा चारही प्रकारांचा पाया आहे, आणि तो चांगल्या गाद्यांवर घालता येतो. ज्येष्ठ गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी मुलींचे किमान वय १६ आहे, त्यामुळे घाई करू नये.

प्रशिक्षकाची पारख करायची असेल, तर एखाद्या दिवशी, आधी न कळवता, जाऊन पूर्ण तासभर बसावे. मूल मागच्या बाजूला उलटत असताना प्रशिक्षकाचा एक हात मुलाच्या कमरेखाली आणि दुसरा मांडीमागे आहे का, नजर त्या मुलावरच आहे का, हे पाहावे. कोलांटीत भार डोक्यावर न येता हातांवर यावा, म्हणून तो हनुवटी छातीला लावायला पुन्हा पुन्हा सांगतो का, तेही ऐकावे. दोन गाद्यांमध्ये फट राहिली असेल आणि ती कोणी सरकवत नसेल, तर तो वर्ग नाकारायला मला तेवढे पुरते. रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर भार देऊन त्याच्याकडून स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना ताणून जमिनीवर बसणे) करून घेणाऱ्या माणसाकडे मात्र, त्याची पदके कितीही असोत, मुलीला पाठवू नये.

उत्तर (मल्लखांबपटूचे वडील, अचलपूर)
दोरीच्या मल्लखांबाचाही विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. त्यातून पकड, खांदे आणि पोट बळकट होते. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. सुट्ट्यांत मुलीला तेथे नेऊन तिचा कल पाहता येईल.

उत्तर (एक पालक, मोर्शी)
पालकांना आत बसू न देणारा वर्ग मी तरी निवडणार नाही. मनगट किंवा टाच दुखते असे मुलीने सांगितल्यास प्रशिक्षक काय करतो, हे प्रवेशाआधीच विचारावे. सराव थांबवून डॉक्टरांना दाखवायला सांगणारा माणूस विश्वासाचा. सभागृहावर टिनाचे छत असेल, तर एप्रिल-मेमध्ये वर्ग सकाळी सहाला भरतो का, याचीही खात्री करून घ्यावी, कारण आपल्याकडच्या उन्हात सायंकाळी पाच वाजतासुद्धा अशा छताखाली मुलांना घेरी येते.