मदत हवी आहे: ओसीडीत सारखा धीर मागण्याची सवय कशी सोडवावी?

ज्यांना ओसीडी म्हणजे मंत्रचळ आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणाला आहे, त्यांच्याकडून मार्गदर्शन हवंय.

माझा ओसीडी हात धुण्याचा किंवा कुलूप ओढून बघण्याचा नाही, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. माझ्या हातात सुरी असताना ती जवळ आली की 'मी हिला इजा केली तर?' हा विचार चित्रासकट डोक्यात घुसतो. छाती धडधडते, मी सुरी ड्रॉवरच्या तळाशी ढकलते. मग मागची काही मिनिटं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा चालवून बघायची: सुरी कुठे होती, माझा हात कुठे होता. तरी खात्री पटत नाही, म्हणून नवऱ्याला विचारायचं, "मी असं काही करणार नाही ना रे?" तो म्हणतो, "अगं, किती जीव आहे तुझा तिच्यावर!" तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडतो. थोड्याच वेळात नवी शंका: मी त्याला सगळं खरं सांगितलं ना?

उपचार सुरू आहेत. सर्ट्रालिन हे औषध चालू आहे. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सोबत ईआरपी ही थेरपी, म्हणजे भीती वाटते ती गोष्ट टाळायची नाही आणि नंतरची तपासणीही करायची नाही. असे नको ते विचार बहुतेक माणसांना येतात, हे रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच एका अभ्यासात दाखवलं होतं, असं थेरपिस्टनी समजावलं. ऐकून फार बरं वाटलं. पण आता रोज तोच अभ्यास आठवून मी स्वतःला धीर देतेय, म्हणजे तीही तपासणीच झाली.

हात धुणं थांबवायचं तर नळ बंद करता येतो. मनातली तपासणी कशी थांबवायची? आणि उत्तर न देणं नवऱ्याला निर्दयपणाचं वाटतं, त्याला काय सांगू?

एक कळकळीची विनंती: 'तुम्ही असं कधीच करणार नाही' असं कृपया लिहू नका. मला तेच हवंसं वाटतं, आणि त्यानेच हे वाढतं.

प्रतिसाद

मला हा त्रास बरीच वर्षं आहे, आता पुष्कळ आटोक्यात आहे. तुम्ही नको म्हणालात तो धीर देणार नाही.

विचार आपोआप येतो, तपासणी आपण करतो. विचाराला थांबवायला गेलात तर तो जास्तच येणार. त्याला येऊ दे. तपासणी मात्र सोडता येते, तीही अर्ध्यावर. मन मागची मिनिटं चालवतंय हे लक्षात आलं की तिथेच, उत्तर न मिळवता, 'असेल किंवा नसेल' एवढं म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. शंभरदा लक्षात आलं तर शंभरदा वळायचं. मात्र तेच वाक्य मंत्रासारखं घोकायला लागलात तर तेही सोडा. धडधड राहते, राहू द्या. कधी लवकर उतरते, कधी त्या दिवशी उतरतच नाही, आणि तसं झालं म्हणजे सराव फुकट गेला असं नाही.

तुमच्या नवऱ्याला जे निर्दयपणाचं वाटतंय ते मला समजतं, माझ्या बायकोलाही तसंच वाटायचं. काय बोलायचं ते दोघांनी शांत वेळी ठरवून ठेवा. आमच्याकडे ती म्हणायची, "तू खूप घाबरलायस हे दिसतंय. उत्तर देणार नाही, पण मी इथेच बसते." सुरुवातीला माझी अस्वस्थता वाढायची, मी चिडायचोही. हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून ते उत्तर देऊन टाकतील.

स्वतः जगूच नये असं वाटायला लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि पुढच्या सेशनला नवऱ्यालाही सोबत न्या. थेरपिस्टनी समोर बसवून सांगितलं की घरच्यांना ते पटतं.