पस्तिशीतल्या ख्रिस पॉलसाठी सन्सने काय मोजावे?

(2020 च्या अखेरीस एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील फिनिक्स सन्स संघाच्या चाहत्यांच्या मंचावर झालेली चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्या सदस्याचे टोपणनाव आहे.)

वाळवंटी वारा

ओक्लाहोमा संघाचा पॉइंट गार्ड (चाली आखून चेंडू पुरवणारा खेळाडू) ख्रिस पॉल फिनिक्सला येण्याची चर्चा सुरू झाली आणि काल या मंचावर एका सदस्याने “पॉलला आणणे म्हणजे ओक्लाहोमाच्या म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन आपण भरणे” असे एका वाक्यात लिहून विषय निकालात काढला. ते वाक्य मला फार लागले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

या ‘म्हाताऱ्या’ने नुकत्याच संपलेल्या 2019-20 च्या मोसमात संघाच्या 72 सामन्यांपैकी 70 सामने खेळले. वेस्टब्रुक आणि पॉल जॉर्ज हे संघाचे दोन्ही तारे गेल्यावर ओक्लाहोमा आता तळाला जाणार असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. त्या संघाने 44 सामने जिंकले आणि प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) सात सामन्यांच्या मालिकेत ह्यूस्टनला शेवटच्या सामन्यापर्यंत झुंजवले. शेवटची पाच मिनिटे उरलेली असताना आणि फरक पाच गुणांच्या आत असताना संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक गुण कोणी केले, तर याच पॉलने. त्याच्या शेजारी खेळत तरुण शे गिल्जस-अलेक्झांडर बहरला, हेही विसरू नये.

आता आपल्याकडे पाहा. आपला मुख्य खेळाडू डेव्हिन बुकर याने पाच मोसमांत पाच प्रशिक्षक पाहिले आणि प्लेऑफचा एकही सामना पाहिला नाही. बॉस्टनमध्ये त्याने 70 गुण केले तो सामनाही आपण हरलो. ऑगस्टमध्ये ऑर्लँडोत आठपैकी आठ सामने जिंकूनही आपण बाहेरच राहिलो. 2010 नंतर या संघाने प्लेऑफचे तोंड पाहिलेले नाही. अशा वेळी आपले ऊब्रे, रुबियो आणि ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतली) पहिल्या फेरीची एक निवड देऊन पॉल मिळत असेल, तर ती किंमत मला जड वाटत नाही. बुकरची उमेदीची वर्षे वाया जाण्याची किंमत त्याहून कितीतरी मोठी आहे.

टेम्पीवासी

ते वाक्य माझेच होते आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

पॉलचा पगार पुढच्या मोसमात 4 कोटी 14 लाख डॉलर आणि त्यापुढच्या मोसमात 4 कोटी 42 लाख डॉलर आहे. दुसऱ्या वर्षाचा पर्याय त्याच्या हातात असल्यामुळे तो रकमेवर पाणी सोडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. सहा फुटांचा गार्ड पस्तिशीनंतर कसा उतरतो, हे या खेळाने अनेकदा दाखवले आहे. 2018 मध्ये पॉलचा तेव्हाचा संघ ह्यूस्टन वॉरियर्सवर 3-2 अशी आघाडी घेऊन उभा होता. पाचव्या सामन्याच्या अखेरीस पॉलची मांडी आखडली, उरलेले दोन्ही सामने त्याला बसून पाहावे लागले आणि मालिका गेली. त्याआधी क्लिपर्सकडून खेळताना 2016 मध्ये पोर्टलंडविरुद्ध त्याचा हात मोडला, 2015 मध्ये मांडीच्याच दुखण्यामुळे ह्यूस्टनविरुद्धचे पहिले दोन सामने हुकले. शरीर ऐन वेळी दगा देते हा त्याचा जुना इतिहास आहे आणि वय वाढल्यावर तो इतिहास सुधारत नसतो.

शिवाय आपला पॉइंट गार्ड रुबियो याला इतक्या सहज सोडून द्यायला तुम्ही निघालात याचे दुःख आहे. त्याच्या आधीच्या मोसमात आपण 19 सामने जिंकले होते, तो आल्यावर 34. सन्सचे सामने मी रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध बसून पाहिलेले आहेत. पॉइंट गार्ड नसलेला संघ कसा दिसतो हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

नागपाड्याचा डावखुरा

मी उमेदवारीच्या काळात ज्या संघातून खेळलो, तिथे चाळिशीला टेकलेले एक गृहस्थ पॉइंट गार्ड होते. त्यांच्याच्याने धावणे होत नसे, बचावात ते बहुतेक वेळा मागे राहत. पण चेंडू त्यांच्या हातात असला की आम्हा पोरांना कुठे उभे राहायचे, पडदा (बचावपटूची वाट अडवणे) कधी लावायचा आणि कधी सोडायचा, हे ते डोळ्यांनी सांगत. ते संघ सोडून गेल्यावर आमच्यातले वेगवान खेळाडू तेच होते, तरी आम्ही पहिल्याच फेरीत हरू लागलो. आपल्या एटनसारख्या बावीस वर्षांच्या सेंटरला पिक अँड रोलमध्ये (पडदा लावून बास्केटकडे वळण्याच्या चालीत) नेमक्या जागी चेंडू देणारा माणूस मिळाला, तर त्याच्या कारकिर्दीला वळण लागेल असे मला मनापासून वाटते. आपले प्रशिक्षक मॉन्टी विल्यम्स न्यू ऑर्लिन्सला असताना पॉल त्यांच्या हाताखाली खेळलेला आहे, त्यामुळे दोघांना एकमेकांची पद्धत समजून घेण्यात निम्मा मोसम घालवावा लागणार नाही.

मध्यरेषा

आठवणी हृद्य असल्या तरी त्यावरून साडेआठ कोटी डॉलरचे निर्णय होत नाहीत. अनुभवी पॉइंट गार्डसाठी घाई केलेल्यांचे काय झाले ते पाहा. 2003 मध्ये मिलवॉकीने गॅरी पेटनसाठी रे ॲलनसारखा नेमबाज सिॲटलला दिला आणि त्याच उन्हाळ्यात पेटन लेकर्सकडे निघून गेला. 2012 मध्ये लेकर्सनी आपल्याच स्टीव्ह नॅशसाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी आपल्याला दिल्या आणि दुसऱ्याच सामन्यात त्याचा पाय मोडला. तिकडे तो पुन्हा पूर्वीसारखा खेळूच शकला नाही. तेव्हा फसवले गेलेले लेकर्स होते. आता त्यांच्या जागी आपण उभे राहावे, असे ज्यांना वाटते त्यांचे धाडस मोठे म्हणायला हवे.

फ्रेड व्हॅनव्हलीट सव्वीस वर्षांचा आहे आणि करारमुक्त होतो आहे. त्याच्यासाठी कोणालाच काही द्यावे लागणार नाही.

वाळवंटी वारा

व्हॅनव्हलीटला टोरंटो सहजासहजी सोडणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि उदाहरणे निवडायचीच असतील तर सगळी निवडा. 2008 मध्ये डॅलसने डेव्हिन हॅरिस आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी देऊन चौतीस वर्षांचा जेसन किड आणला. त्या वर्षी ते पहिल्याच फेरीत हरले आणि सगळीकडून त्यांची निर्भर्त्सना झाली. 2011 मध्ये अडतीस वर्षांचा तोच किड मायामीला हरवून विजेता ठरला. 2008 च्याच नोव्हेंबरात डेन्व्हरने आयव्हर्सन देऊन बिलप्स घेतला आणि त्याच मोसमात तो संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. आपला स्वतःचा दाखला तर सर्वांना पाठ आहे: 2004 मध्ये नॅश आला आणि 29 विजयांचा संघ 62 विजयांवर गेला.

टेम्पीवासी

नॅश तेव्हा तीस वर्षांचा होता, पस्तीस नव्हे. तो करारमुक्त म्हणून आला होता, त्याच्यासाठी संघातले कोणी द्यावे लागले नव्हते. हा दाखला तुमच्या बाजूचा नाहीच.

आणि नॅशचे नाव काढलेच आहे तर पुढचेही सांगा. त्याच्या भोवती जो संघ उभा राहायला हवा होता तो या मालकाने पैशांपायी विकला. 2004 मध्ये लुओल डेंगची निवड शिकागोला गेली. 2005 मध्ये जो जॉन्सन अटलांटाला गेला. 2006 मध्ये राजन रोंडोचे हक्क बॉस्टनला गेले. 2007 मध्ये लक्झरी टॅक्स (पगारांची मर्यादा ओलांडल्यावर लीगला भरावा लागणारा दंड) वाचवण्यासाठी कर्ट थॉमसला सिॲटलला पाठवले आणि त्याला घ्यावे म्हणून वर पहिल्या फेरीच्या दोन निवडी दिल्या. ज्या रॉबर्ट सार्व्हरने हे केले, तोच आज पॉलचा पगार भरील आणि नंतर आपल्या तरुण मिकाल ब्रिजेसचा करार करताना हात आखडता घेईल. माझी खरी भीती ही आहे.

नागपाड्याचा डावखुरा

जो जॉन्सनच्या बदल्यात बोरिस डिऑ मिळाला आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडीही मिळाल्या, हे तुम्ही गाळलेत. 2007 मध्ये प्लेऑफमध्ये आपण सॅन अँटोनियोकडून हरलो ते मालकामुळे नव्हे. चौथ्या सामन्यात त्यांच्या रॉबर्ट हॉरीने नॅशला गुणलेखकांच्या टेबलावर ढकलले, बाकावरून उठले म्हणून आपल्या स्टॉडमायर आणि डिऑ यांना पाचव्या सामन्यातून निलंबित केले, आणि तिथेच आपले विजेतेपद गेले.

मध्यरेषा

तेरा वर्षे झाली तरी तोच पाढा! नियम लेखी होता आणि तो त्या दोघांना माहीत असायला हवा होता. सॅन अँटोनियो तेव्हा आपल्यापेक्षा सरस होते हे मान्य करण्याऐवजी ज्यांना निलंबनाची ढाल लागते, त्यांच्याशी बास्केटबॉलवर बोलण्यात अर्थ नाही.

नागपाड्याचा डावखुरा

ज्याने तो सामना जागून पाहिला आहे त्याला अर्थ शिकवू नका. ढकलणाऱ्या संघाचा एक दुय्यम खेळाडू गेला आणि ज्यांना ढकलले त्यांचा मुख्य सेंटर गेला. हा न्याय असेल तर मला तो मान्य नाही, आणखी तेरा वर्षांनीही नसेल.

टेम्पीवासी

निलंबन अन्यायकारक होते हे मीही म्हणतो, पण त्या पाचव्या सामन्यात बाकावरून कोण आले ते आठवा. डेंग असता, रोंडो असता, तर दोघांच्या अनुपस्थितीत आपण इतके उघडे पडलो नसतो. कंजूषपणाची झळ अशाच दिवशी लागते. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा विचारतो की पॉलच्या 8 कोटी 56 लाखांनंतर तिजोरीत ब्रिजेससाठी काय उरणार?

वाळवंटी वारा

मालकाविषयीचा तुमचा आक्षेप मला खोडता येत नाही, तो आकडेवारीने सिद्ध आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जो मालक वर्षानुवर्षे पैसे वाचवत आला, तो प्रथमच एका मोठ्या खेळाडूचा पगार उचलायला तयार झालेला दिसतो, तर त्याला अडवायचे कशाला? पॉलचा करार फार तर दोन वर्षांचा आहे. ब्रिजेस 2018 च्या ड्राफ्टमधला, म्हणजे त्याचा नवा मोठा करार सुरू होईल तेव्हा पॉलचे ओझे उतरलेले असेल. पैशांची भीती हीच अडचण असेल, तर हे वेळापत्रक तुमच्याच बाजूचे आहे.

टेम्पीवासी

वेळापत्रकाचा मुद्दा मी तपासून पाहिला आणि तो बरोबर आहे, एवढे मान्य करणे भाग आहे. माझा विरोध त्यामुळे संपत नाही, पण त्याची जागा बदलते. ब्रिजेस, कॅमरन जॉन्सन आणि एटन यांच्यापैकी एकही नाव पॉलच्या बदल्यात द्यायच्या यादीत येता कामा नये. यंदाची दहाव्या क्रमांकाची निवड आपल्याकडेच राहिली पाहिजे. जी निवड द्यायची ती पुढच्या एखाद्या वर्षाची असावी आणि संघ कोसळून ती वरच्या क्रमांकांत आली तर आपल्याकडेच राहील अशी अट घालून घ्यावी. ऊब्रेला सोडायला मी तयार आहे. रुबियोला सोडताना वाईट वाटेल, पण अदलाबदलीत दोन्ही बाजूंचे पगार जुळवायचे तर तोच जाणार हे मला कळते.

मध्यरेषा

या अटी ओक्लाहोमाचा व्यवस्थापक सॅम प्रेस्टी मान्य करील असे तुम्हाला खरेच वाटते? पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सकडून निवडींचा ढीग मिळवणारा माणूस आहे तो. पॉलसोबत ह्यूस्टनकडूनही त्याने दोन निवडी घेतल्या होत्या.

वाळवंटी वारा

ह्यूस्टनकडून घेतल्या तेव्हा पॉलचा करार कोणालाच नको होता आणि तो स्वीकारण्याचा मोबदला म्हणून त्या मिळाल्या. आता ओक्लाहोमा नव्याने बांधणीला निघाले आहे. एवढा मोठा पगार पेलेल आणि शिवाय पॉलला स्वतःला जिथे जावेसे वाटेल, असे संघ मोजकेच आहेत. घासाघीस करायला आपल्याला जागा आहे. टेम्पीवासी यांच्या अटींपैकी निवडीची अट मिळेल, दहावी निवड वाचेल आणि ब्रिजेसचे नाव प्रेस्टीने काढलेच तर आपला व्यवस्थापक जेम्स जोन्स याने बोलणी तिथेच थांबवावीत, याबद्दल आपल्या दोघांत मतभेद उरलेला नाही.

टेम्पीवासी

त्याबद्दल नाही. मांडीबद्दल आहे आणि राहील.