मोह आणि फसवणूक या विषयावरची ख्रिस्ती रहस्यकादंबरी सुचवाल का?

सांजवात

नमस्कार. आमच्या मंडळीत आठ-दहा जणांचा एक वाचनगट आहे आणि पुढचे पुस्तक निवडण्याची पाळी माझी आहे. विषय ठरला आहे, मोह आणि फसवणूक. आणि गटातल्या तरुणांनी "या वेळी हातातून खाली ठेववणार नाही असे काहीतरी आणा" असे बजावून ठेवल्यामुळे प्रकारही ठरल्यासारखाच आहे. अडचण मागच्या अनुभवाची आहे. गेल्या खेपेला आम्ही जी ख्रिस्ती रहस्यकादंबरी घेतली, तिच्यातला खलनायक खोलीत पाऊल टाकतो तेव्हाच दिवे मंदावतात, कुत्रे गुरगुरते आणि नायिकेच्या अंगावर काटा येतो. इतक्या खुणा दिल्यावर फसायचे कोणी? पुढची अडीचशे पाने आम्ही फक्त नायिकेला शहाणपण कधी सुचते याची वाट पाहत बसलो.

शास्त्रातली फसवणूक अशी दवंडी पिटत येत नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातला सर्प हव्वेला कोणतेही पाप करायला सांगत नाही. तो आधी फक्त एक प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नातच देवाची आज्ञा किंचित वाकडी करून मांडलेली असते. अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान येशूपुढे येतो तेव्हा त्याच्याही तोंडी ९१ व्या स्तोत्रातलेच वचन असते. मला अशी कादंबरी हवी आहे, जिच्यात फसणाऱ्या माणसाबरोबर वाचकही निदान काही पाने मान डोलावत जाईल आणि मग आपण कशाला मान डोलावली हे ध्यानात येऊन दचकेल. इंग्रजी पुस्तक चालेल, जुने असले तरी हरकत नाही. शेवट मात्र कृपया कोणी फोडू नये.

पानोपानी

या प्रकारात फ्रँक पेरेटी यांची 'धिस प्रेझेंट डार्कनेस' ही कादंबरी टाळून पुढे जाताच येत नाही. ती १९८६ साली आली आणि आज ज्याला ख्रिस्ती थरारकथा म्हणतात त्या प्रकाराला मोठा वाचकवर्ग तिनेच मिळवून दिला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. अ‍ॅश्टन नावाच्या लहानशा काल्पनिक गावात एक तरुण पाळक आणि स्थानिक वृत्तपत्राचा संपादक यांना आपापल्या वाटेने एका कारस्थानाचा सुगावा लागतो, आणि त्याच वेळी माणसांच्या डोळ्यांना न दिसणारे देवदूत आणि दुष्टात्मे त्या गावासाठी झुंजत असतात. शीर्षकाचा संदर्भ इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातला, म्हणजे आपले झुंजणे रक्तमांसाशी नाही असे पौल जिथे म्हणतो तिथला आहे. वेगाच्या बाबतीत तुमच्या तरुण मंडळींची तक्रार राहणार नाही. पुढचा भाग 'पिअर्सिंग द डार्कनेस' १९८९ चा आहे.

निळी शाई

पानोपानी यांच्या शिफारशीबद्दल आदर आहे. ती कादंबरी मीही एका बैठकीत संपवली होती. परंतु सांजवात यांची जी तक्रार आहे, तीच तिथे पुन्हा उद्भवेल असे वाटते. दुष्टात्मे पंखांसकट, गंधकाच्या वासासकट वाचकाला दिसतात. कोणाच्या खांद्यावर कोण बसले आहे हे आपल्याला पात्रांच्या आधी कळते, त्यामुळे जिंकणार कोण याची उत्कंठा राहते, पण फसवणूक वाचकाच्या वाट्याला येत नाही.

माझी शिफारस सी. एस. लुईस यांच्या 'पेरेलँड्रा'ची आहे. ती १९४३ ची, त्यांच्या अंतराळत्रयीतली दुसरी कादंबरी. पहिली वाचलेली नसली तरी फारसे अडत नाही. शुक्र ग्रहावर तरंगत्या बेटांवर एक निष्पाप स्त्री राहते, तिथली हव्वाच म्हणा. तिला एकच मनाई आहे : न हलणाऱ्या स्थिर भूमीवर जायला हरकत नाही, मात्र रात्री तिथे मुक्काम करायचा नाही. पृथ्वीवरून दोन माणसे तिथे पोचतात. एक रॅन्सम नावाचा भाषाशास्त्रज्ञ, आणि दुसरा एक वैज्ञानिक, ज्याच्या शरीराचा ताबा पुढे भलत्याच कोणीतरी घेतलेला असतो. मधली कितीतरी प्रकरणे म्हणजे या तिघांमधला संवाद आहे, आणि तरीही धाप लागते.

कारण मोह घालणारा तिला सुखाची लालूच दाखवतच नाही. तो तिला थोर स्त्रियांच्या गोष्टी सांगतो, ज्यांनी इतरांच्या भल्यासाठी एकटीने धोका पत्करला, ज्यांना त्यांच्या काळाने नावे ठेवली आणि पुढच्या पिढ्यांनी डोक्यावर घेतले. मग हळूच सुचवतो की ही आज्ञा कदाचित मोडण्यासाठीच दिलेली असेल, तू मोठी व्हावीस, स्वतःच्या पायांवर उभी राहावीस अशी देणाऱ्याचीच मनातून इच्छा असेल. आज्ञाभंग हा त्यागाचे, जवळजवळ आज्ञापालनाचे रूप घेऊन तिच्यासमोर येतो. मी वाचताना दोन वेळा थांबून "यात चूक नक्की कुठे आहे?" असे स्वतःला विचारले, आणि दोन्ही वेळा उत्तर चटकन सापडले नाही. रॅन्समलाही सापडत नाही. त्याला झोप आवरत नाही आणि प्रतिपक्षी कधीच झोपत नाही, या साध्या गोष्टीतून लुईस यांनी जो ताण उभा केला आहे तो कोणत्याही पाठलागापेक्षा कमी नाही.

त्यातले दोन लहान प्रसंग अजून डोक्यातून जात नाहीत. एकात रॅन्समला वाटेत बेडकासारखे प्राणी फाडून टाकलेले दिसत जातात, आणि ती रांग जिथे संपते तिथे तो वैज्ञानिक शांतपणे तेच काम करत बसलेला असतो. दुसऱ्यात तो रात्रभर "रॅन्सम" अशी हाक मारतो, रॅन्समने "काय?" म्हटले की "काही नाही" म्हणतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा हाक मारतो. दिवसा उदात्ततेवर इतके सुंदर बोलणारी ती बुद्धी तिला गरज नसते तेव्हा किती क्षुद्र असते, हे त्या पोरकट छळातून दिसते.

जाता जाता एक भाषिक मुद्दा. प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत 'परीक्षा' म्हणतो तिथे मूळ ग्रीक शब्दाला कसोटी आणि मोह असे दोन्ही अर्थ आहेत. या कादंबरीत ते दोन्ही अर्थ एकाच प्रसंगात वावरतात. गटात चर्चेला तेवढा एक मुद्दाही पुरेल.

अर्धविराम

'पेरेलँड्रा'ला माझेही अनुमोदन आहे. परंतु "वाचकही फसला पाहिजे" ही अट तंतोतंत पाळायची असेल, तर मी तुम्हाला आणखी मागे, १८२४ सालापर्यंत नेईन. जेम्स हॉग हा स्कॉटलंडमधला, मेंढपाळी करत वाढलेला लेखक. त्याची 'द प्रायव्हेट मेम्वार्स अँड कन्फेशन्स ऑफ अ जस्टिफाइड सिनर' ही कादंबरी प्रथम लेखकाच्या नावाशिवाय छापली गेली. शीर्षकातला 'जस्टिफाइड' म्हणजे आपल्या पवित्र शास्त्राच्या भाषेत 'नीतिमान ठरवलेला', आणि सगळा घात त्या एका शब्दात दडलेला आहे.

रॉबर्ट रिंगहिम या तरुणाला एके दिवशी घरातूनच ग्वाही मिळते की देवाने तारणासाठी निवडलेल्यांमध्ये तोही आहे आणि ही निवड आता कशानेही रद्द होणार नाही. त्या आनंदाच्या भरात तो शेतांकडे फिरायला बाहेर पडतो आणि त्याच दिवशी त्याला एक अनोळखी तरुण भेटतो, हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा. हा पाहुणा त्याच्याशी वाद घालत नाही. तो त्याच्या प्रत्येक मताशी सहमत होतो, अगदी मनापासून, आणि दर वेळी ते मत फक्त एक पाऊल पुढे नेतो. निवड जर कायमची आहे, तर निवडलेल्याच्या हातून घडलेले कोणतेही कृत्य ती निवड कशी पुसणार? आणि मग देवाच्या शत्रूंना दूर करणे हे पाप की सेवा? एकदा रॉबर्टला तो तांबड्या रेघा मारलेल्या एका पुस्तकात बुडालेला आढळतो. ते पुस्तक पाहताक्षणी बायबलसारखेच वाटते, आणि रॉबर्टला त्याचा आदरच वाटू लागतो.

रचना दुहेरी आहे. आधी एका 'संपादका'ने बाहेरून सांगितलेली हकिकत येते आणि मग त्याच घटना रॉबर्टच्या स्वतःच्या कबुलीतून. पहिल्या भागात एडिंबराजवळच्या आर्थर्स सीट या टेकडीवरचा एक प्रसंग आहे. रॉबर्ट सावलीसारखा मागे लागल्यामुळे जेरीस आलेला त्याचा भाऊ जॉर्ज पहाटे एकटाच वर जातो, धुक्यात सूर्यकिरणांचे इंद्रधनुष्यी कडे पाहून क्षणभर सुखावतो, आणि तेवढ्यात त्याच धुक्यात त्याला भावाचाच चेहरा प्रचंड आकाराचा होऊन आपल्याकडे पाहताना दिसतो. घाबरून तो उलटा पळतो तो थेट मागे उभ्या असलेल्या खऱ्याखुऱ्या भावावर आदळतो. उजेड आणि धुके यांच्या खेळात सावली अशी मोठी होते हे खरे आहे. परंतु तो भाऊ तिथे त्या वेळी काय करत होता, याचे उत्तर कोणताही निसर्गनियम देत नाही.

हा पाहुणा कोण, हे हॉग कोठेही साफ सांगून टाकत नाही. तो सैतान आहे असे मानून वाचता येते आणि हा रॉबर्टच्या मनाचा आजार आहे असे मानूनही. कादंबरी अखेरपर्यंत दोन्ही दारे उघडी ठेवते.

सांजवात

दोन्ही वर्णनांनी मी अक्षरशः जागेवर बसून राहिले. मात्र हॉगबद्दल एक शंका मोकळेपणाने विचारते. आमच्या गटात वयाने मोठी, निवड आणि कृपा हे शब्द जिव्हाळ्याने उच्चारणारी माणसे आहेत. ही कादंबरी त्यांच्या विश्वासाची टिंगल केल्यासारखी तर वाटणार नाही ना?

अर्धविराम

शंका रास्त आहे, कारण तसे वाचणारेही आहेत. माझे मत असे की हॉगचा रोख सिद्धांतावर कमी आणि त्या सिद्धांताचा सोयीसाठी वापर करणाऱ्यांवर अधिक आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच पौलाने हाच प्रश्न घेतला आहे, कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, आणि त्याचे उत्तर ठाम नकाराचे आहे. रॉबर्टच्या नव्या मित्राला प्रार्थनेचे वावडे आहे हे लक्षात ठेवून वाचले, तर हा उपहास कोणाचा चालला आहे ते तरुणांआधी ज्येष्ठ मंडळींच्या ध्यानात येईल. खरा अडथळा वेगळाच आहे : संवादांत जागोजागी येणारी स्कॉट बोली. तिथे मोठ्याने वाचावे लागते.

कोपऱ्यातला वाचक

एक तिसरे नाव सुचवतो, पण गटासाठी नव्हे, प्रश्नकर्तीसाठी. चार्ल्स विल्यम्स हे लुईस यांचे स्नेही. त्यांची 'डिसेंट इन्टू हेल' १९३७ ची आहे. शैली इतकी गुंतागुंतीची की गटातले निम्मे लोक चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटतील, म्हणून ती सर्वांच्या माथी मारू नये. परंतु मोह किती बारीक दारातून आत येतो हे तिच्याइतके नेमके मी इतरत्र वाचलेले नाही. वेंटवर्थ हा युद्धेतिहासाचा अभ्यासक आहे. एका हौशी नाटकासाठी शिवलेले पहारेकऱ्यांचे गणवेश बरोबर आहेत ना, एवढेच त्याला विचारले जाते. खांद्यावरचे गोंडे चुकलेले आहेत हे त्याला दिसते आणि तासाभरात ते दुरुस्त करता येतील हेही ठाऊक असते. पण तसे सांगितले तर थांबावे लागेल, दाखवून द्यावे लागेल, आणि त्याला घरी त्याच्या मनाने रचलेल्या एका सुखाकडे परतायचे असते. तो "ठीक आहेत" म्हणतो. ना खून, ना चोरी. ज्या सत्याचे प्रेम हा त्याच्या आयुष्यातला शेवटचा खरा धागा होता, तो त्याने गोंड्यांपायी सोडला, आणि तिथून पुढची उतरण वाचताना हातपाय गार पडतात.

ज्यांना कादंबरीला वेळ नाही त्यांच्यासाठी लुईस यांचीच 'द स्क्रूटेप लेटर्स' आहे. एका अनुभवी सैतानाने आपल्या शिकाऊ पुतण्याला लिहिलेली ती एकतीस पत्रे १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिला रहस्यकादंबरी म्हणता येणार नाही. तरी पहिल्याच पत्रात, ग्रंथालयात बसून गंभीर विचारांकडे वळू लागलेल्या माणसाला "आता जेवणाची वेळ झाली" एवढे सुचवून कसे उठवले आणि रस्त्यावरची ७३ क्रमांकाची बस दिसताच त्याचा विचार कसा विरला, हे वाचण्यासारखे आहे.

सांजवात

सर्वांचे मनापासून आभार. गटासाठी 'पेरेलँड्रा' निश्चित करते. बेडकांच्या प्रसंगाबद्दल कोमल मनाच्या दोघींना आधीच कल्पना देईन. हॉग त्यानंतरच्या फेरीत घेऊ, आणि स्कॉट बोलीचे उतारे वाचायला आवाजाची हौस असलेला एक तरुण मनात आहे. वेंटवर्थचे गोंडे मात्र आज रात्रीच माझ्यासाठी शोधते. अर्धविराम, हॉगची कबुली आधी वाचून संपादकाचा भाग मागाहून घेतला तर चालेल का?

अर्धविराम

नको. छापलेल्या क्रमानेच वाचा, कारण पहिल्या भागात रॉबर्टचा मनस्वी तिटकारा येतो आणि दुसऱ्या भागात त्याच्याच आवाजात त्याचे म्हणणे पटू लागते. तो उलटफेर क्रम बदलला की हातचा जातो. नव्या आवृत्त्यांना अभ्यासकांच्या लांबलचक प्रस्तावना असतात आणि त्यांत कथानक सरसकट उघड केलेले असते. गटाला प्रती वाटताना तेवढ्या पानांना पिन लावून ठेवा.