दुःखात ‘देव बघतोय ना, काळजी कशाला?’ असं म्हणावं का?

पैलतीर:
देवावर भरवसा म्हणजे तक्रार करायची नाही, हा समज मला चुकीचा वाटतो. बायबलमधलं 13 वं स्तोत्र काढून बघा. वचनं जेमतेम सहा. पहिल्या दोनांतच ‘कुठवर?’ चार वेळा, आणि भरवशाची भाषा थेट पाचव्यात. 88 वं तर अंधारातच संपतं. आपल्याकडे दुष्काळात बायको गमावलेल्या तुकोबांच्या गाथेत ‘माझे लेखी देव मेला’ हेही आहेच की. भांडायलासुद्धा समोर कुणीतरी आहे असं धरावं लागतं.

तर्कट:
सोयीचं आहे हे. बरं झालं तर कृपा, नाही झालं तर परीक्षा. कधी खोटंच पडू शकत नाही त्या विधानाचा आधार तो काय?
1 नोव्हेंबर 1755, लिस्बन. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्चं भरलेली, आणि भूकंप. मग आग, त्सुनामी. भरवसा ठेवणारेच नेमके कोसळणाऱ्या छपराखाली!

पैलतीर:
छप्पर पडणार नाही अशी हमी मी दिलीच नाही. बायबलमधला ईयोब बघा, दोष नसताना सगळं गमावलेला. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि ‘तुझंच काहीतरी पाप असणार’ सुरू. देव ईयोबालाही झापतो, पण ‘माझ्याविषयी नीट बोलला’ हा शेरा त्यालाच मिळतो, मित्रांना नाही.

खाटेशेजारी:
भरवसा आहे की नाही यापेक्षा तो कसला, हे बघा. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये तीन तऱ्हा मांडल्या: माझं मी बघतो, सगळं देवावर सोडलं, आणि देव नि मी मिळून. घोळ बहुतेकदा दुसरीत होतो. ‘तो बघून घेईल’ म्हणत फिट्सची गोळी अचानक तोडली, तर झटका परत येतो, कधी थांबतच नाही.
त्यांच्याच 2001 च्या अभ्यासात पंचावन्नच्या पुढचे 596 रुग्ण होते, पाठपुरावा दोन वर्षांचा. ‘देवानं मला टाकलं’ असं वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका जास्त दिसला.

तर्कट:
मग माझंच म्हणणं झालं! नास्तिकाला टाकून जायला कुणी नसतंच.

खाटेशेजारी:
दिसला तो संबंध. कारण सिद्ध झालं नाही, तेव्हा इतक्यात टाळी नको.
भेटायला जाणाऱ्यानं इतकं करावं: उभ्याउभ्या बोलू नये, खुर्ची ओढून बसावं. ‘प्रार्थना करू का?’ हे आधी विचारावं. नको म्हटलं की विषय बंद. हो म्हटलं तर दोन वाक्यं पुरे, आणि त्यात ‘बरा करशीलच’ नको, कारण तसं झालं नाही तर पेशंट स्वतःच्या श्रद्धेत खोट शोधत बसतो. दोन आठवडे झोप-भूक उडालेली आणि मन कशातच नाही, तर डॉक्टरांना सांगा, प्रार्थना चालू असली तरी.
आणि ‘देवाचा राग येतो का?’ हे विचारायला कचरू नका. हो म्हणाला तर देवाची वकिली करू नका, ऐकून घ्या.